बोलीभेद आणि वाग्दोष : जुन्नर-आंबेगांवच्या शाळांतील मुलांच्या वाणीविषयीं

१. जुन्नर म्हटलें कीं इतिहासाभ्यासकाच्या डोळ्यांपुढें नाणेघाट, शिवनेरी, मानमोडी व लेण्याद्रि हीं स्थळें उभीं राहतात. आंबेगांव म्हटलें कीं घोड नदीचें खोरें व भीमाशंकराच्या बाजूचें रान येतें. या दोन तालुक्यांतील लेणीं, शिलालेख, दुर्ग व दप्तरें यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांपैकीं कांहीं साधनांकडे एका निराळ्या प्रश्नासाठीं वळत आहों. प्रश्न असा कीं, शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘अशुद्ध’ शब्द निघतो तेव्हां तो त्याच्या जिभेचा किंवा कानाचा दोष असतो, कीं ती त्याच्या घरची बोली असते? हा प्रश्न शाळामास्तरांचा आहे, संशोधकांचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु लेखकाची चूक कोणती व प्रदेशाची रूढि कोणती, हें ओळखण्याचा जो सराव जुनीं हस्तलिखितें वाचणाऱ्यांस असतो, तोच येथें कामीं येणारा आहे. हा भेद न ओळखल्यानें दोन प्रकारच्या मुलांची हानि होते. ज्यास कांहीं झालेलें नाहीं त्यास दोषी ठरविलें जातें. आणि ज्यास खरोखर उपचार हवा तो ‘गांवठी बोलतो’ एवढें म्हणून सोडून दिला जातो.

२. प्रथम शिलालेखांचा पुरावा घेऊं. नाणेघाटांतील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राजकुलाचा जो मोठा लेख आहे, तो सामान्यतः ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील मानला जातो. राणी नागनिकेशीं तो संबद्ध असून त्यांत यज्ञांची व दक्षिणांची लांबलचक यादी आहे. विषय वैदिक, कुल राजाचें, आणि भाषा मात्र प्राकृत. तेथें इन्द्र हा ईद आहे, चन्द्र-सूर्य हे चंद-सूर आहेत, वरुण हा वरुन आहे आणि दक्षिणा ही दखिना आहे. त्याच लेण्यांत राजकुलाच्या मूर्तींवर जीं नांवें कोरलेलीं होतीं, त्यांत श्री या शब्दाचें सिरि आणि सातकर्णि या नांवाचें सातकनि असें रूप येतें. मानमोडीच्या डोंगरांतील अमात्य अयम याच्या लेखांत महाक्षत्रप हा महाखतप झाला आहे, आणि वर्षाचा आंकडा ‘वसे ४६’ असा दिला आहे. यवन इरिल यानें दोन पोढ्या, म्हणजे पाण्याचीं टांकीं, दान दिल्याचा जुन्नरचा लेख प्रसिद्धच आहे. त्यांतहि देयधर्म हा शब्द देयधम असाच कोरला आहे. परक्या कुळांतील दाता आपलें दान येथील लोकांच्या उच्चारांत नोंदवून गेला.

३. या लेखांवरून अनुमान काढतांना एक सावधगिरी ठेवली पाहिजे. त्या काळचे कोरके द्वित्त व्यंजन बहुधा एकेरी लिहीत. म्हणून ‘धम’ असें कोरलेलें असलें तरी उच्चार ‘धम्म’ असा असावयाचा. लिपीची काटकसर आणि जिभेची सवय या दोन गोष्टी निराळ्या. तरीहि तीन प्रवृत्ति निःसंशय दिसतात. जोडाक्षर एकरूप होतें किंवा मध्यें स्वर घालून मोकळें केलें जातें. श, ष व स या तिघांच्या जागीं एकटा स राहतो. आणि नाणेघाटच्या लेखांत ण च्या जागीं न येतो. आज या प्रदेशांतील खेड्यांत शाळेला साळा, शेताला सेत, पाण्याला पानी, लोण्याला लोनी, प्रसादाला परसाद म्हणणारीं माणसें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. हे आजचे उच्चार थेट सातवाहनकाळापासून अखंड चालत आले, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें ठरविण्यास मधल्या शतकांचा पुरावा क्रमानें मांडावा लागेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या उच्चारांबद्दल आज मुलास हटकलें जातें, तशाच जातीचे उच्चार याच डोंगरांत एके काळीं राजशासनाची भाषा होते. ते करणाऱ्यांच्या जिभेंत व्यंग होतें असें कोणी म्हणणार नाहीं.

४. नाणेघाटच्या मूर्तींवरील नांवांतच एक बारीक गोष्ट आहे, ती येथें फार उपयोगाची आहे. त्या नांवांत ‘महारठि त्रनकयिरो’ असें एक नांव आहे. ज्या ठिकाणीं श्रीचें सिरि झालें, त्याच ठिकाणीं त्र हें जोडाक्षर स्वच्छ कोरलेलें आहे. अर्थात् कोरणाऱ्यास जोडाक्षर कोरतां येत नव्हतें असें नाहीं. त्याला तें येत होतें. सिरि हें त्या भाषेचें मान्य रूप होतें म्हणून त्यानें तसें कोरलें. असमर्थता आणि रूढि यांच्यांतील भेद या एका नांवानें स्पष्ट होतो. मुलाच्या वाणीची परीक्षा करतांना हीच कसोटी कशी लागते, तें पुढें सांगूं.

५. आतां ग्रंथांकडे वळूं. नाणेघाटच्या लेखाच्या सुमारें शंभर वर्षें आधीं होऊन गेलेल्या पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच शब्द व अपशब्द यांचा विचार केला आहे. गो या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश लोकांत चालतात, असें तो नमूद करतो. वैयाकरणाच्या दृष्टीनें ते अपभ्रंश. पण ते लोकांत चालतात हें त्यास ठाऊक आहे आणि त्यांची नोंद त्यानें केली आहे. त्यांस तो रोग म्हणत नाहीं. पाणिनीय शिक्षेंत वाईट पाठकाचीं लक्षणें सांगितलीं आहेत; घाईनें म्हणणारा, गाऊन म्हणणारा, डोकें हलविणारा, अर्थ न जाणणारा असे ते दोष आहेत. हे सर्व पाठांतराच्या शिस्तीचे दोष होत. तेथेंच वर्णांचा उच्चार कसा करावा याला वाघिणीची उपमा दिली आहे : पिलास दांतांत धरून नेतांना ती त्यास दुखवीत नाहीं आणि खालीं पडूंहि देत नाहीं. खरे वाचेचे विकार मात्र वैद्यकाच्या ग्रंथांत गेले. सुश्रुताच्या निदानस्थानांत मूक, मिन्मिन व गद्गद हे तीन प्रकार वातव्याधींत गणले असून, शब्द वाहून नेणाऱ्या धमन्या कफयुक्त वायूनें आवृत झाल्यानें ते होतात असें कारण दिलें आहे. कारणमीमांसा आज मान्य होणारी नाहीं. वर्गीकरण मात्र लक्षांत घेण्यासारखें आहे. अपभ्रंश व्याकरणांत, पाठदोष शिक्षेंत आणि वाग्विकार वैद्यकांत, अशी तीन घरें प्राचीनांनीं निराळीं ठेवलीं होतीं.

६. लोकभाषेनेंहि हा भेद ओळखला होता. मराठींत लहान मुलासारखे वर्ण बदलून बोलणारा तो बोबडा, अडखळून तोच तो वर्ण पुन्हा पुन्हा म्हणणारा तो तोतरा, नाकांतून बोलणारा तो गेंगाणा. १८३१ सालीं प्रथम छापलेल्या व १८५७ सालीं वाढवून काढलेल्या मोल्सवर्थच्या कोशांत बोबडा व तोतरा हे शब्द आहेत. हे शब्द पुढें चिडविण्याकडे वापरले गेले हें खरें. पण त्यांत निरीक्षण आहे. आजचा वाचोपचारतज्ज्ञ वर्णोच्चाराचे दोष, ओघाचे दोष व आवाजाचे दोष असे जे वर्ग करतो, त्यांच्याशीं हे तीन शब्द बरेच जुळतात. मात्र सेत किंवा पानी म्हणणाऱ्या शेतकऱ्यास मराठी माणसानें बोबडा म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

७. पंतोजीच्या शाळेंत हा प्रश्न वेगळ्या रूपानें होता. ॐ नमः सिद्धम् या मंगलवचनाचें मुलांच्या तोंडीं ‘ओनामासीधं’ झालें आणि त्यावरून आरंभास ओनामा म्हणण्याची रूढि पडली. नाशिकच्या लेण्यांतील लेखांच्या आरंभीं ‘सिधं’ असें कोरलेलें ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस या शाळकरी रूपाचें हसूं येणार नाहीं. धूळपाटीवर मुळाक्षरें, मग बाराखडी, अंक, मोडीचा कित्ता आणि सायंकाळीं परवचा, असा क्रम असे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसे; त्यामुळें लेखनाच्या अंगानें मुलावर शुद्धाशुद्धाचा फारसा भार नव्हता. परंतु परवचा सर्वांनीं मिळून मोठ्यानें म्हणावयाचा असे. यांत एक गोष्ट लपत असे. तोतरा मुलगा एकटा बोलतांना अडखळतो, पण चारचौघांबरोबर एका सुरांत म्हणतांना बहुधा अडखळत नाहीं, हा आज सर्वत्र मान्य झालेला अनुभव आहे. ज्याला कमी ऐकूं येतें तोहि शेजाऱ्याच्या ओठांकडे पाहून तोंड हलवितो. परवच्यानें अशा मुलांस आधार दिला आणि त्याच वेळीं त्यांस दृष्टीआड केलें. सामुदायिक पाठांतर जेथें जेथें आजहि चालतें, तेथें या दोन्ही गोष्टी घडतात.

८. दोष आणि बोली यांचा खरा घोटाळा एकोणिसाव्या शतकांत झाला. मुंबईस १८२२ सालीं शाळा व शालेय पुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण निघालें. मेजर कँडीच्या देखरेखीखालीं क्रमिक पुस्तकांची भाषा घडली. छापण्यास बालबोध लिपि ठरली. एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या शिक्षणासाठीं एक प्रमाणभाषा हवी होती, यांत वाद नाहीं. पण ती प्रमाणभाषा मुख्यत्वें पुण्याच्या शिष्ट वर्गाच्या बोलीवर बेतली गेली, आणि लौकरच तिच्याहून जें जें निराळें तें तें अशुद्ध, आणि जो अशुद्ध बोलतो तो मंद, अशी समजूत रूढ झाली. १८७४ सालीं सुरू झालेल्या निबंधमालेंत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हां त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेवर विशेष भर दिला. फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून यावे, आणि मोडी व बालबोध दोन्ही शिकवाव्या, असें सुचविलें होतें. मुलाची बोली ज्याच्या कानाला ओळखीची आहे असा शिक्षक वर्गांत असावा, हा त्या सूचनेचा एक अर्थ आम्ही घेतों. जुन्नर तालुक्यांत सत्यशोधक समाजाचें कार्य पुढें चांगलें रुजलें, हें अभ्यासकांस विदित आहे.

९. या समजुतीचा भार सर्वांत अधिक पडला तो पश्चिमेच्या डोंगरांत. जुन्नरच्या बारा मावळांपैकीं मिनेर व घोडनेर हीं खोरीं मीना व घोड या नद्यांचीं. त्यांच्या माथ्याकडील गांवांतून महादेव कोळ्यांची वस्ती आहे. कॅप्टन मॅकिंटॉश यानें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत त्यांच्याविषयीं सविस्तर वृत्तांत लिहिला, आणि डॉ. घुर्ये यांनीं १९५७ सालीं त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांची बोली मराठीच आहे. पण पुस्तकी मराठीहून उच्चार, प्रत्यय व शब्दसंग्रह यांत निराळी आहे. म्हणून तेथील मुलाची अडचण वेगळ्या भाषेच्या मुलासारखी उघड दिसत नाहीं. गोंडी किंवा कोरकू बोलणारें मूल वर्गांत आलें तर मास्तरास निदान एवढें कळतें कीं याची भाषा निराळी आहे. महादेव कोळ्याच्या मुलाविषयीं मात्र ‘मराठीच आहे, पण नीट बोलत नाहीं’ असा निर्णय सहज दिला जातो. ठाणें जिल्ह्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडास जें बालशिक्षण चालविलें, त्यांत वारली मुलांच्या परिसरांतील वस्तूंस व त्यांच्या घरच्या जीवनास स्थान दिलें, शाळाच पाड्यावर व कुरणांत नेली. तें उदाहरण सह्याद्रीच्या या अंगासहि लागू आहे.

१०. शुद्ध तरी कायम शुद्ध राहतें काय? १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनीं उच्चारांत नसलेले अनुस्वार काढून टाकले. १९७२ सालीं आणखी नियम जोडले गेले. त्यापूर्वीं जो मुलगा ‘नाही’ असें अनुस्वारावांचून लिही त्याचे गुण कापले जात. त्यानंतर ‘नाहीं’ लिहिणाऱ्याचे कापले जाऊं लागले. मूल तेंच, जीभ तीच. ज्या गोष्टीचा निकाल सरकारी नियमानें फिरतो, ती शरीराचें व्यंग असूं शकत नाहीं.

११. इतकें सांगितल्यावर दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष करणें अन्यायाचें होईल. बोलीचा अभिमान धरणारेहि एक चूक करतात : मुलाच्या सर्वच उच्चारांस ते बोली म्हणून सोडून देतात. वाग्दोष खरे आहेत, आणि ते लौकर ओळखले तर पुष्कळ सुधारतात. या विद्येची सोय भारतांत उशिरां झाली. मूकबधिरांची शाळा मुंबईस १८८५ च्या सुमारास निघाली. वाक् व श्रवण यांच्या शिक्षणाची म्हैसूरची अखिल भारतीय संस्था १९६० नंतरच्या दशकांत आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शक्य तेथवर मातृभाषेंतून शिक्षण द्यावें असें सांगितलें. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत वैद्यकीय पथकानें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व शाळेंत एकदां जाऊन मुलांची तपासणी करावी, आणि तींत बहिरेपण व भाषाविकासांतील विलंबहि पाहावा, अशी योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें वाणी व भाषा यांची अक्षमता एकवीस प्रकारांत गणली. परंतु तिची व्याख्या कंठ काढून टाकणें किंवा मेंदूच्या आघातानें वाचा जाणें अशांसारख्या कारणांनीं आलेल्या कायमच्या अक्षमतेची आहे. तोतरेपणा किंवा बोबडेपणा असलेलें, थोड्या साहाय्यानें सुधारण्यासारखें मूल त्या व्याख्येंत सहसा बसत नाहीं. म्हणजे ज्यास उपाय आहे तेंच मूल प्रमाणपत्राबाहेर राहतें. त्याची ओळख पटण्याचें ठिकाण वर्ग हेंच. आणि वर्षांतून एकदां येणाऱ्या अनोळखी माणसापुढें डोंगरांतील मूल पुष्कळदां तोंडच उघडत नाहीं, म्हणून ओळख पटविणारा माणूस त्याचा रोजचा मास्तर हाच.

१२. त्याने ती कशी पटवावी? येथें हस्तलिखितांच्या संपादनाची रीत कामास येते. पोथींत चमत्कारिक रूप आढळलें तर जाणता संपादक तें लगेच सुधारीत नाहीं. तो प्रथम पाहतो, हें रूप त्या प्रदेशाच्या व त्या काळाच्या इतर पोथ्यांत येतें काय? मग पाहतो, हाच लेखक तो वर्ण अन्यत्र नीट लिहितो काय? शेवटीं पाहतो, ज्या मूळ प्रतीवरून त्यानें उतरून घेतलें तीच फाटकी किंवा पुसट होती काय? मुलाच्या वाणीसहि याच तीन कसोट्या लावाव्या.

पहिली : घरचीं वडील माणसें व त्याच वस्तींतील इतर मुलें तसेंच बोलतात काय? बोलत असतील तर ती बोली. एकटें तेंच मूल तसें बोलत असेल, आणि त्याची आईहि ‘हा असाच बोलतो’ म्हणून काळजी करीत असेल, तर ती बोली नव्हे. दुसरी : जो वर्ण त्यास येत नाहींसा वाटतो तो अन्य एखाद्या शब्दांत त्याच्या तोंडीं येतो काय? सिरि कोरणाऱ्यानें त्रनकयिरो कोरलें. सेत म्हणणारा मुलगा दुसऱ्या शब्दांत श स्वच्छ म्हणत असेल तर त्याची जीभ समर्थ आहे. येथें वयाचाहि विचार हवा. तीन-चार वर्षांच्या कोणत्याहि मुलाच्या तोंडीं जोडाक्षर मोडतें, र चा ल होतो. शाळेच्या वयांत तें बहुधा आपोआप सुटतें. सुटलें नाहीं, तर मात्र तज्ज्ञाकडे न्यावें. तिसरी, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची : मूळ प्रत पुसट आहे काय? म्हणजे मुलास ऐकूं नीट येतें काय? लहानपणीं कान वाहण्याची तक्रार सामान्य आहे; तींत ऐकूं येणें कमीजास्त होत राहतें. असें मूल पहिल्या बांकावर बरें, शेवटच्या बांकावर मठ्ठ ठरतें. एकाच वर्गांत दोन मुलें ‘पानी’ म्हणतात असें समजा. एक घरीं ऐकतो तसें म्हणतो. दुसऱ्यास ण आणि न यांतील भेद ऐकूंच येत नाहीं, आणि त्याचे इतरहि अनेक वर्ण ढासळलेले आहेत. दोघांच्या वहींत एकच लाल रेघ पडते. पहिल्यास ती रेघ नको होती. दुसऱ्यास रेघेऐवजीं वैद्य हवा होता.

१३. पहिल्या कसोटीसाठीं मात्र प्रदेशाच्या बोलीची नोंद लागते, आणि येथें संग्राहकांचें साहाय्य आवश्यक आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ सालीं निघाला. डॉ. घाटगे यांनीं १९६० नंतर मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला काढली. तींत कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा बोली आल्या. पुणें जिल्ह्याच्या डोंगरी भागांतून हेमा राईरकर व गी पॉइतवां यांनीं स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांचा मोठा संग्रह केला. जुन्नर-आंबेगांवच्या खोऱ्यांची नोंद गांववार, याहूनहि बारीक होणें इष्ट आहे. ती करण्यास फार वेळ नाहीं. डिंभ्याच्या धरणांत जुनें आंबेगांव पाण्याखालीं गेलें आणि खोऱ्यांतील वस्त्या हलल्या. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांव दरड कोसळून गाडलें गेलें. वस्ती हलली कीं बोलीचा शेजार मोडतो, आणि नातवाच्या उच्चाराचा खुलासा करणारी आजी भेटेनाशी होते.

१४. म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांस आमची विनंती आहे. या दोन तालुक्यांतील जुन्या शाळांचीं शेरेबुकें, मुलांच्या पुस्त्या, कित्ते, मोडी चोपड्या हीं रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावीं; मुलांच्या लेखनांतील ‘चुका’ तेथें तारखेनिशीं मिळतात, आणि कोणती चूक पिढ्यान्पिढ्या टिकली तें त्यांवरून कळतें. घरांतील वृद्धांचे शब्द, ओव्या, शेतीचीं व रानाचीं नांवें उतरून घ्यावीं, आणि उतरतांना ऐकूं येईल तसेंच लिहावें, सुधारूं नये. अशी यादी गांववार तयार झाली तर तिची एक प्रत संशोधनमंदिरांत राहील. दुसरी मात्र त्या गांवच्या शाळेंत, मास्तरांच्या मेजावर ठेवावी. नवा मास्तर बदलून आला कीं त्यानें ती प्रथम वाचावी, आणि मग मुलांच्या वहींत लाल शाई उचलावी.